कोपऱ्यातलं चक्र

कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक खिडकीच्या कोपऱ्यातली ती फुली चंद्रभागाबाईंना बघवत नसे. एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत त्यांनी पोरांच्या वह्यांवर लाल फुल्या मारल्या होत्या. आता हे यंत्र त्यांनी काही लिहायच्या आधीच त्यांच्यावर फुली मारून बसायचं. शिक्षकांची संगणक परीक्षा महिन्यावर आली होती. पास झाल्या तर निवृत्तीआधीचं शेवटचं वर्ष मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत. नाहीतर आहेच, चौथी ‘ब’.

मुलगा प्रज्ञेश बंगळूरला कंपनीत. दोन दिवसांसाठी विश्रांतवाडीला आला आणि सबंध शनिवार कॉम्प्युटरपुढेच बसला.

“आई, बघ. विंडो खाली ठेवायची तर पिंपळपान, मोठी करायची तर कमळ, बंद करायची तर धम्मचक्र. फुली गेली!”

चक्र निळंशार होतं, सगळे आरे मोजून घ्यावेत इतकं सुबक. चंद्रभागाबाईंचे डोळे भरून आले. रविवारी प्रज्ञेश परत गेला.

सोमवारी त्यांनी सरावाचं पत्र टाइप केलं आणि बाण चक्रावर नेला.

“थांब!” मागून त्यांचे यजमान दशरथराव ओरडले. “काय करतेस?”

“बंद करतेय.”

“चक्र बंद करतेस? छप्पन्न साली आपल्या माणसांनी फिरतं केलं, आणि तू बंद करायला निघालीस?”

“अहो, चक्र नाही. विंडो.”

“क्लिक कशावर करणार?”

चंद्रभागाबाईंनी बाण चक्रावरून मागे घेतला. बाणाचं टोकही त्यांना एकाएकी फारच अणकुचीदार दिसायला लागलं. पिंपळपान मात्र चालेल, असं दोघांचं ठरलं. पानं काय, विहाराच्या अंगणातून आपण रोज झाडूनच काढतो.

मग प्रत्येक पत्र पानावर क्लिक करून खाली जाऊ लागलं. गुरुवारपर्यंत खाली अडतीस पत्रं दाटीवाटीनं बसली. यंत्र धापा टाकू लागलं. संध्याकाळी दशरथराव भिंतीवरचं बटण बंद करत आणि सकाळी यंत्र सगळी पत्रं इमानदारीनं परत पुढ्यात मांडी.

“प्रज्ञेशला सांग ना.”

“एवढ्या हौसेनं केलंय त्यानं. कशाला पोराचा हिरमोड?”

परीक्षेला त्या गेल्या तेव्हा त्यांना सगळं येत होतं. बंद करणं सोडून.

परीक्षेच्या यंत्रावर कोपऱ्यात फुली होती. आणि काय देखणी! कुणाची नाही, कशाची नाही, नुसती फुली. पाचव्या प्रश्नात पत्र लिहून त्याची विंडो बंद करायची होती. बाईंनी केली. महिनाभराचं ओझं उतरल्यासारखं झालं. मागे आणखी एक फुली दिसली, तीही दाबली. तिच्याही मागे होती.

“मॅडम, पेपर कुठे गेला?” परीक्षकांनी विचारलं.

“बंद केला.”

“सबमिट न करता?”

“फुली होती हो तिथे.”

परीक्षकांनी थोडी खटपट केली. “यंत्राच्या हिशेबी आपण आज आलाच नाहीत,” ते शांतपणे म्हणाले. “फेरपरीक्षा तीन आठवड्यांनी. तेव्हा या.”

त्या रविवारी फोनवर अखेर सगळं बाहेर आलं.

“अगं आई, आधी नाही का सांगायचं? चक्र काढतो. पण फुली नको म्हणतेस, चक्र नको. मग लावू काय?”

“असं काहीतरी लाव, की बंद करताना वाईट वाटणार नाही.”

दशरथरावांनी फोन ओढून घेतला. “माझा फोटो लाव. मला गप्प करताना तुझ्या आईचा हात आजवर अडखळलेला नाही.”

पुढच्या शनिवारी प्रज्ञेश येऊन फोटो लावून गेला. पासपोर्टचाच, पण नखाएवढा. चंद्रभागाबाईंनी एक पत्र टाइप केलं. बाण हळूहळू वर नेला, नवऱ्याच्या नाकापर्यंत आणला आणि तिथेच धरून ठेवला. फेरपरीक्षेला तेरा दिवस उरले होते.

“दाब की,” मागून दशरथराव म्हणाले.

“तुम्ही आधी आत जा हो,” त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. “आणि हे असे बघत का बसलेत माझ्याकडे?”