संगप्पा मास्तरांची हजेरी

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्या भांडवलावर कुणाविषयी लिहायला बसणं हे धाडसच. त्यात संगप्पा मास्तरांविषयी भालकीच्या ठाण्यात आधीच एक वही भरलेली. मी दुसरी भरतोय. माफी आधीच मागून ठेवतो.

मास्तर आमचे शेजारी. एकटेच राहायचे. बाहेर पडताना दाराला पाटी अडकवायचे : 'भाजीला गेलोय. कोथिंबीर मिळाली न्हाई तर उशीर.' वाटेत शिपाई दिसला की तेच त्याला थांबवायचे.

"लिहून घ्या. संगप्पा न्हाव्याकडं जायलाय. फक्त दाढी."

"जावा की अप्पा! आमचं डोकं कामून खायलाव?"

गावातल्या निम्म्या लोकांची पत्रं मास्तरच लिहून द्यायचे. पोलीस ॲक्शननंतर रझाकार म्हणून पकडलेल्या एका माणसाच्या घरात त्यांच्या अक्षरातलं पत्र सापडलं. मजकूर शेळीच्या भांडणाचा. पण अक्षर मास्तरांचं. तेव्हापासून दर सोमवारी ठाण्यात हजेरी आणि टपालावर नजर.

"पाळत पायजेच," ते म्हणायचे. "त्या दिवसांत लोकांनी काय भोगलं ते मी बघितलंय. पण कशापायी, किती दिवस, हे कुणी सांगंल का न्हाई? आन् पाळतीवर पाळत कुणाची?"

हाच प्रश्न घालून मी वरच्या कचेरीला त्यांचा अर्ज लिहिला. माझंही नाव वहीत गेलं तर कॉलेज संपलंच. मास्तरांनी अर्ज वाचला आणि स्वतःच्या हातानं उतरवून माझा कागद चुलीत घातला.

"तुझं अक्षर कुठं सापडायला नको."

सोलापूरला दिलेल्या लेकीला ते कधीच पत्र लिहीत नसत. तिलाही 'लिहू नको' असा निरोप धाडलेला. मला वाटायचं, बापलेकीचं बिनसलंय. एकदा विचारलंच.

"येडा हायस. माझ्या पत्रावर तिचा पत्ता पडंल. उद्या तिच्या दारात शिपाई."

एका सोमवारी ठाण्यातल्या नव्या अमीनसाहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, मास्तरांना आत बोलावलं. मी सोबत होतो. अर्जाची चौकशी वरून आली होती.

"मास्तर, तुमचं नाव तीन वर्षांपूर्वीच यादीतून कमी झालंय. तुम्हाला कळवायचं राहिलं."

"मग हजेरी?" मी विचारलं.

शिपाई ओशाळून म्हणाला, "ते येत होते, म्हणून आम्ही सही घेत होतो."

मास्तरांनी टेबलावरची हजेरीची वही मिटली.

"साहेब, मग पोरीला पत्र लिहिलं असतं तर चाललं असतं?"

साहेब पुढचा कागद शोधत म्हणाले, "केव्हाही."