लाइन क्लिअर मागणारे ओव्हाळआबा

ओव्हाळआबा फुटपाथवर गाडी उभी दिसली की तिला वळसा घालत नाहीत. काखेतलं घडीचं स्टूल उघडतात, गाडीच्या नाकासमोर मांडतात आणि बसतात. पाऊस असला तर छत्री उघडतात. आमच्या लोणावळ्यात पाऊस कधी नसतो ते विचारा, म्हणजे छत्रीचा हिशेब लागेल.

शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी येतात. चिक्कीच्या दुकानासमोर फुटपाथवर गाडी चढवतात, आत जातात, पिशव्या भरून बाहेर येतात, तर समोर एक सत्तरीपुढचे गृहस्थ शेंगा सोलत बसलेले.

"बाबा, बाजूनं जायचं ना! एवढा रस्ता आहे."

"त्यो रस्ता गाड्यांचा. माजी लाइन ही. लाइन क्लिअर न्हाई, म्हणून थांबलोय. चालू द्या तुमचं, मला घाई न्हाई."

आबा मूळचे वराळ्याचे. सगळी नोकरी रेल्वेत, घाटात झाली. पुढची लाइन मोकळी असल्याचा निरोप आल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही, याला तिकडे ‘लाइन क्लिअर’ म्हणतात. निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, नातवंडांत रमतात. आबांनी स्वतःचीच गाडी करून टाकली. फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरणं म्हणजे ‘रुळावरनं घसरणं’. वाटेत कुणी बोलायला थांबलं की ‘क्रॉसिंग’. चहा प्यायला बसले की ‘इंजिनात पाणी भरतोय’.

हे सगळं मला फार गमतीचं वाटायचं. मग मी गाडी घेतली.

गाडी लांबलचक होती. मी ती का घेतली, हे आमच्या हिला अजून समजावून सांगतो आहे. आमच्या बिल्डिंगखाली नियमाप्रमाणे सोडलेली गाडीची जागा होती, पण तिथे एक कपाट, बंद पडलेला कूलर, मुलाची लहानपणची सायकल आणि दिवाणाचा अर्धा भाग राहायला होता. साहजिकच गाडी फुटपाथवर आली.

पहिल्याच सकाळी खाली स्टूल उघडलं.

कंटाळून उठेल म्हातारा, असा माझा अंदाज. मी वर पेपर वाचत बसलो. हिने त्यांना चहा पाठवला. मग पोहे पाठवले. दुपारी डबा गेला. शेवटी ही म्हणाली, "गाडी हलवताय, की त्यांची गादी पण खाली नेऊन घालू?"

मी तावातावाने खाली उतरलो, गाडी रिव्हर्सला टाकली आणि आमच्याच सोसायटीचं गेट आडवं केलं.

आबा शांतपणे उठले. स्टूल मिटलं. "लाइन क्लिअर," म्हणाले, आणि पडलेल्या गेटाकडे पाहून, "गेट बी उघडं केलंत. लय उपकार झाले, साहेब."

गाडी पुढेही फुटपाथवरच राहिली, फक्त कडेने एक माणूस निघेल एवढी फट मी सोडायला लागलो. तेव्हापासून आमची मैत्री आहे. म्हणजे ते रोज माझा अपमान करतात आणि मी रोज ऐकायला जातो.

एकदा मी त्यांना म्हटलं, "आबा, आता जमाना गाडीचा आहे. साधं दळण आणायचं तरी गाडी लागते."

"का लागती?"

"गिरणी लांब आहे."

"गिरणी लांब का?"

"जवळ कुठे काढणार? घराखाली सगळी पार्किंगं आहेत."

"पार्किंग कशाला?"

"गाडी ठेवायला."

"गाडी कशाला?"

मी दळण म्हणणार होतो. तेवढ्यात लक्षात आलं आणि हवामानावर बोललो.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला शेलारभाऊ राहतात, मुलाकडे. तिकोणा पेठ गावचे शेतकरी. पूर्वी दुधाचे कॅन घेऊन स्टेशनवर यायचे, तेव्हापासून त्यांची आणि आबांची दोस्ती. अर्धांगाचा झटका आल्यापासून शेलारभाऊ वॉकर घेऊन चालतात, तेही घरातल्या घरात, कारण बाहेर फुटपाथवर गाड्या आणि रस्त्यावर त्याहून जास्त गाड्या. आबा रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जातात. रोज शेलारभाऊ भांडतात, "दर बारीला तूच येतुयास. मला काय तुजं घर वर्ज्य हाय?"

मी आबांना म्हटलं, "तुम्ही जाताच की. मग अडलंय कुठं?"

"मी जातो वो. पर त्येला माज्याकडं यायचंय. आपल्या पायानं. तुमच्या त्या गाडीच्या कडंनं वॉकर निगत न्हाई."

मला एकदम उदार वाटलं. "त्यात काय! मी आणून सोडतो त्यांना गाडीतनं."

आबांनी काखेतलं स्टूल सावरलं. "पोतं हाय का त्यो?"

आणि मग नगरपालिकेचा प्रस्ताव आला. आमच्या गल्लीत गाड्या उभ्या करायला बंदी. गाड्या स्टेशनापलीकडच्या मैदानात. फुटपाथ रुंद करणार. घराखाली गाडीची जागा सोडलीच पाहिजे ही सक्ती रद्द, तिथे हवं तर दुकान काढा. कुणाची हरकत असेल त्याने शनिवारी सकाळी सुनावणीला यावं.

गल्लीतल्या गाडीवाल्यांनी एकमताने मला पुढारी केलं, कारण गणपतीत आभार मी मानतो. शेलारभाऊंचं मला माहीत होतं. पण मैदानापासून घरापर्यंत रोज चालायचं, या कल्पनेने माझे गुडघे आधीच दुखायला लागले होते. मी जोरदार भाषण लिहिलं. ‘वाहनधारक हाही माणूसच आहे,’ असं त्यात एक वाक्य होतं. घरात म्हणून दाखवलं तेव्हा ही म्हणाली, "पुरावा काय?"

शनिवार उजाडला. सभागृह आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पण इस्त्रीचे कपडे, त्यात भुरभुर पाऊस. मी आणि माझे तीन अनुयायी गाडीत बसलो.

बाहेर पडलो आणि अडकलो. धुकं, पाऊस, जोडून आलेली सुट्टी. अख्खी मुंबई आमच्या पुढे होती आणि अख्खं पुणं मागे. खिडकीवर टकटक करून एक जण विचारत होता, "अंकल, भुशी डॅम किधर?" चिक्कीच्या दुकानापाशी आमचं एक चाकसुद्धा हलेना. तेवढ्यात शेजारून छत्र्यांची रांग गेली. पुढे आबा, मागे गल्लीतल्या बायका, त्यांत आमची ही. तिने काचेतून मला हात केला.

"उतरून चालत जाऊ या का?" मी म्हटलं. तिन्ही अनुयायांनी आपापल्या पांढऱ्या पँटी दाखवल्या.

सभागृह आलं. आता पार्किंग. समोर फुल्ल. मागे फुल्ल. शाळेपाशी फुल्ल. आम्ही सभागृहाला प्रदक्षिणा घालत होतो आणि प्रत्येक फेरीला आतला आवाज ऐकू येत होता. शेवटी एका गटाराच्या काठावर गाडी टेकवून धावलो, तर माणसं बाहेर पडत होती.

आत काय झालं ते मला पुढे अनेकांनी, न विचारता, पुष्कळदा सांगितलं. अधिकाऱ्यांनी माझं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. "हरकतदार गैरहजर?" तेव्हा आबा उठून म्हणाले, "गैरहजर न्हाईत, साहेब. भायेरच हायत. पार्किंग शोधत्यात."

म्हणे अधिकारीसुद्धा टेबलावर डोकं ठेवून हसले. आमच्या बाजूचं म्हणणं याहून प्रभावीपणे कुणी मांडलंच नसतं. प्रस्ताव जसाच्या तसा पुढे गेला आणि मंजूर झाला.

गाडी टो झाली होती. मी चालत घरी आलो. वेळ इतका कमी लागला की दार उघडताना मला लाज वाटली.

आता तुम्ही आमच्या गल्लीत या. गाडी मैदानात ठेवून या. रुंद फुटपाथ, मध्ये बाक, दोन्हीकडे पोरं क्रिकेट खेळताना दिसतील. घराखाली गिरणी आली, शिंपी आला. आमच्या कपाट-कूलरच्या जागी हिने थालीपिठाचं दुकान काढलंय, ते जोरात चालतं, आणि मी तिथे कांदे चिरतो. कांदे बारीक हवेत, हे गिऱ्हाइकंही मला सांगतात. पण रस्त्यातनं जाणारा प्रत्येक जण थांबतो, दोन शब्द बोलतो. ज्यांना मी इतकी वर्षं फक्त हॉर्नवरून ओळखायचो, त्यांना नावं आहेत, असं कळलं.

फुटपाथ खुला झाला त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन आबांकडे गेलो. मिरवणूक काढायचा आमचा बेत होता, हारही आणला होता. आबा दारातच उभे. अंगात धुतलेला सदरा, मागे घर झाडून पुसून लख्ख.

"आज न्हाई, साहेब. आज पाव्हना येनार हाय."

गल्लीच्या टोकाकडून शेलारभाऊ येत होते. वॉकर पुढे, मग एक पाय, मग दुसरा. मुलगा मागे अंतर ठेवून. मधेच ते थांबले, हेलकावले. मी धावायला निघालो, तर आबांनी माझी बाही धरली.

"हात लावू नगा. येऊ द्या त्येला."

बाही त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

शेलारभाऊ उंबऱ्याशी पोचले. घामाने निथळत होते. म्हणाले, "चहा ठेवलायस, का नुसताच हुबा हाईस?"

"ठिवलाय की!" आबा म्हणाले, आणि वाकून त्यांच्या पायांतल्या चपला काढायला लागले.

मलाही आत बोलावलं. आबांनी चहा ओतला, एक कप शेलारभाऊंना, एक मला, आणि स्वतः पेल्यात घेऊन बसले. माझा कप जुना होता, कान तुटलेला. शेलारभाऊंनी आपला तोंडाला लावला, तेव्हा मला दिसलं. त्याच्या बुडाला दुकानाचं लेबल अजून तसंच चिकटलेलं होतं.