तव्यावरचा प्लग

नोव्हेंबरातल्या एका सकाळी, रोजच्यासारखं पावणेनऊला ऑफिसला निघताना, मी माझ्या मोटरसायकलला एकोणतीस किका मारल्या. हा आकडा माझा नाही. मी घामाघूम होऊन पार्किंगच्या कट्ट्यावर बसलो, तेव्हा तो खांबाआडून आला. "एकोणतीस झाल्या की हो, सेक्रेटरी. आता स्वल्प निधान. जरा दमानं घ्या."

सेल्फ दाबला तर गाडी गप्प, किक मारली तर नुसता खोकला. थंडीनं बॅटरी गारठली, असा निष्कर्ष मी काढला होता आणि वर गॅलरीत उभ्या असलेल्या बायकोला तो ओरडून कळवलाही होता. हुक्केरी अण्णा खांबाआडून आले, हँडलवरचं लाल बटण अंगठ्यानं इकडचं तिकडे केलं, आणि गाडी सुरू झाली. इंजिन बंद करायचं ते बटण आदल्या संध्याकाळी गाडी पुसताना माझ्याच फडक्यानं दाबलं गेलं होतं.

"पहिल्याच किकेला सांगायचं ना अण्णा!"

"तुम्ही विचारलासा कुठं?"

वरून हसू ऐकू आलं. बायकोचं. ती रोज सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत कबुतरं हुसकावत उभी असते, त्यामुळे माझी कुठलीही फजिती प्रेक्षकांवाचून वाया जात नाही.

जयनगरमधल्या आमच्या बारा घरांच्या इमारतीचा मी सेक्रेटरी आहे. म्हणजे निवडणुकीच्या सभेला मी उशिरा पोचलो होतो. पुण्याहून इथे येऊन मला आठ वर्षं झाली. हुक्केरी अण्णा मूळचे निपाणीचे, पण सगळी नोकरी बेंगळुरूत, एका छापखान्यात झाली. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. मराठी बोलताना ते मध्येच कन्नडमध्ये शिरतात आणि कन्नड बोलताना निपाणीत. त्यांची मोटरसायकल माझ्या संसारापेक्षा जुनी आहे आणि जास्त नीट चालते.

आता बेंगळुरूची थंडी म्हणजे काय, तर लोक दुकानातून स्वेटर आणतात आणि तो घालता यावा म्हणून सकाळी लवकर उठतात. पण अण्णांच्या लेखी हिमालय सरकत सरकत जयनगरच्या बसस्टँडपर्यंत आलेला असतो. दिवाळीचे दिवे उतरले की त्यांचं गाडीचं पथ्यपाणी सुरू होतं. तेल बदलायचं. कार्बुरेटर उघडून दात घासायच्या ब्रशनं घासायचा. चेन रॉकेलनं धुवायची. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन फासायचं, आणि त्याच डबीतलं बोटभर स्वतःच्या टाचांना. संध्याकाळी इंजिनावर सोलापुरी चादर पांघरायची, चारी बाजूंनी खोचून. माझ्या मुलाला तापातसुद्धा मी इतकं नीट पांघरूण घातलेलं नाही. हे मी नाही, बायको म्हणते.

आणि प्लग. रोज संध्याकाळी अण्णा गाडीचा स्पार्क प्लग काढून रुमालात गुंडाळून घरी नेतात. सकाळी इमारतीतल्या बाकीच्या तव्यांवर डोसा असतो, अण्णांच्या तव्यावर प्लग. उलटसुलट भाजून, चिमट्यात धरून ते तो खाली आणतात. एकदा मी विचारलं, "अण्णा, बरोबर चटणी लागते का?"

"थट्टा करा की. गार प्लग दगा देतोय. आपल्याला पहिल्या किकेला गाडी पायजे. दुसरी किक म्हणजे उशीर."

कशाला उशीर? निवृत्त माणसाला सकाळी सात वाजता कुठे पोचायचं असतं? मी एकदा मागावर गेलो होतो. अण्णा इस्त्रीचा शर्ट, तपकिरी स्वेटर, हेल्मेट अशा थाटात निघाले. निघायच्या आधी इंजिन दहा मिनिटं जागेवर धडधडत ठेवलं. कोपऱ्यावर दोनदा हॉर्न वाजवला, वळले, आणि तिथून दोनशे पावलांवरच्या उडपी हॉटेलात उभ्यानं कॉफी पिऊन अर्ध्या तासात परत आले. एवढ्यासाठी गाडीचं मंगलस्नान!

ती दहा मिनिटांची धडधड थेट माझ्या उशीत ऐकू यायची. अण्णांचं घर पहिल्या मजल्यावर, आमचं बरोबर त्यांच्या डोक्यावर. शेवटी मी माझे अधिकार वापरले. लिफ्टशेजारी नोटीस लावली: सकाळी आठच्या आत पार्किंगमध्ये गाडी सुरू करू नये. कन्नड नोटीस मी मोबाइलकडून लिहून घेतली होती. अण्णांनी ती चष्मा लावून वाचली, खिशातून पेन काढून त्यातल्या तीन चुका दुरुस्त केल्या, आणि म्हणाले, "सरी. बरं."

एवढंच. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सातला धडधड आली, पण फाटकाबाहेरून. अण्णा ती अगडबंब गाडी उतारावरून ढकलत रस्त्यावर नेत होते. रस्ता माझ्या अधिकारात येत नव्हता. हा प्रकार पाच दिवस चालला. सहाव्या दिवशी पावणेसातला आमची बेल वाजली. दारात अण्णा, एका हातात चिमटा, चिमट्यात गरम प्लग, दुसरा हात भिंतीला टेकलेला.

"काल ढकलताना गुडघा मुरगळला. किक बसंना. सेक्रेटरी, तेवढी गाडी चालू करून कोपऱ्यापर्यंत न्या."

"तुम्हाला कुठे जायचंय? मी माझ्या गाडीवर सोडतो."

"मला कुठंच जायचं नाही. तुमच्या गाडीचा आवाज येगळा हाय."

मग जिना उतरता उतरता, एकेका पायरीला थांबत, त्यांनी सांगितलं. अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हल्ली काही आठवत नाही. मुलीचं नाव आठवत नाही, जेवलो की नाही ते आठवत नाही. पण लग्न झाल्यापासूनचा त्यांचा एक नेम आहे. नवऱ्याची गाडी कोपऱ्यावर वळल्याशिवाय त्या तोंडात घास घालत नाहीत. हे तेवढं राहिलंय. गाडी गेली नाही, की ताट सरकवतात आणि दाराशी जाऊन बसतात. उपाशीपोटी गोळी देता येत नाही.

"मागल्या थंडीत तीन दिवस गाडी चालू झाली नव्हती," अण्णा कठडा धरून पुढची पायरी उतरत म्हणाले.

"आणि परत आल्यावर काय सांगता?"

"हाफ डे. तीन वर्षं झाली, रोज हाफ डे."

माझी नोटीस लिफ्टशेजारी तशीच होती, दुरुस्त कन्नडमध्ये. मी तिच्याकडे न बघता खाली गेलो.

अण्णांनी आपला स्वेटर काढून मला चढवला. तो पोटावर येईना, तेव्हा म्हणाले, "श्वास धरा." हेल्मेट घातलं. प्लग बसवला. मी किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. तिसरीला वर कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि अण्णांचा चेहरा उतरला.

"सेक्रेटरी," ते अगदी हळू म्हणाले, "पेट्रोलचा कॉक उघडलासा काय?"

उघडला. गाडी सुरू झाली.

"कोपऱ्यावर दोनदा हॉर्न. आणि मागं वळून बघू नका. नोकरीभर मी एकदा पण बघितलं नाही. आता बघितलं तर तिला वाटंल, हा आपला माणूस न्हवं." एवढं बोलून ते खांबाआड जाऊन उभे राहिले. माझ्या किका मोजायला उभे होते, त्याच.

मी निघालो. आरशात पहिल्या मजल्याची गॅलरी दिसत होती, आणि तिथे वर झालेला एक हात. मी दोनदा हॉर्न वाजवला आणि वळलो. एवढी काळजीपूर्वक गाडी मी लायसन्सच्या परीक्षेतही चालवली नव्हती. उडपीत जाऊन कॉफीही प्यायलो. वेळ काढायलाच हवा होता.

परत आलो तर अण्णा खांबाआडच होते, स्वेटरशिवाय, हात काखेत घालून. "खाल्लं," म्हणाले. "अडीच इडल्या. वरनं ताटलीचा आवाज आला, मग कामाच्या बाईनं सांगितलं." स्वेटर परत घेऊन, अंगात घालून, केस सारखे करून ते लंगडत हाफ डेवर घरी निघाले.

नोटीस मी काढून टाकली. विचारणाऱ्यांना सांगितलं की थंडी आहे. गुडघा बरा होईपर्यंत सातची ड्यूटी माझी आहे आणि प्लग आता आमच्या तव्यावरही भाजला जातो. त्यानंतरचा डोसा नीट सुटत नाही.

हे सगळं मी त्या पहिल्या फेरीच्याच संध्याकाळी बायकोला रंगवून सांगितलं. अक्कांचा हात तर मी स्वतःचा हात वर करून दाखवलाही. एवढ्या वर्षांत अण्णांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही, काय माणूस आहे, असं मी म्हणालो.

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि मी रोज पावणेनऊला चहा गार करत गॅलरीत उभी असते, ती कबुतरं मोजायला वाटतं?"