सहा कप माती

पनवेलला माझी नोकरी टिकली ती शेजारच्या वावरातल्या दामूदादांमुळे, हे आधी सांगतो. नाहीतर काय घडलं ते सांगण्याच्या नादात त्यांचं नाव मागे राहायचं.

दादांच्या घरी सहा कपांचा छान संच होता, पण चहा मिळायचा स्टीलच्या पेल्यात. कपांत माती असायची. खिडकीत रांगेनं मांडलेल्या त्या कपांत काकडीचं बी टाकून दादा रोज सकाळी वाकून विचारायचे, "काय रं, कोन उठलंय?"

लोक हसायचे. मीही हसलो. आठवीत शाळा सोडलेला मी, परभणीकडून इथं आलेलो, खांदा कॉलनीतल्या एका साहेबांच्या हळदीच्या तुकड्यावर कामाला.

हळद लावल्यावर साहेबांनी तणनाशकाची बाटली दिली. वरचा कागद इंग्रजी. थोड्यानं गवत मरतं तर जास्तीनं खुरपणीच मिटेल, म्हणून मी दुप्पट मारलं. गवत खरंच उगवलं नाही. साहेब खूश. दादा मात्र बांधावरून म्हणाले, "पावन्या, गवताला मारलंस. आता मागून येनाऱ्याला पन मारशील."

हळद निघाली. साहेबांनी त्याच जागेत लावायला काकडीचं भारी बी आणलं आणि मला दादांचं बोलणं आठवलं: औषध मातीत उरलं असणार. काकडी जळाली आणि नोकरी गेली, तर गावी काय तोंड दाखवू? दादांकडे जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी एका कपात बांधावरची माती भरली, दुसऱ्यात आमच्या तुकड्यातली, आणि दोन्हीत बी टोचलं. "आता गप बसायचं नि बघायचं."

बांधाच्या कपात हिरवीगार पानं आली. आमच्या कपातली कडेनं पिवळी पडून करपली.

दादांनी दोन्ही कप साहेबांपुढं नेऊन ठेवले. "हा चुकला, साहेब. पन बी अजून पिशवीत हाय. अवंदा मका लावा, त्याला हे औषद बाधत नाय."

साहेबांनी करपलेलं पान बोटांत चोळून बघितलं. मग मला म्हणाले, "मका लाव. आणि पुढच्या वेळी आधी विचार."

परतताना मी दादांना विचारलं, "करवंटीत का लावत नाही? कपच कशाला?"

"हिनं घेतलेले, पावन्यांसाठी. ही गेली. पोरं तलोज्याला कामाला लागली ती तिकडंच राह्यली. पावना येतो कुठं? रिकामा कप बघवत नाय. घरात कोनतरी उगवलेलं बरं."

मका चांगला आला. घरच्यांना इथं आणायला मी अजून खोली शोधतोय. ती आली की पहिली दादांच्या दारात नेणार, मातीसाठी करवंट्या सोबत घेऊन. आई, बायको, दोन पोरं, मी आणि दादा. सहाही कप चहाला लागतील.