अजून एक नर पाहिजे

आमचे वरचे भाडेकरू लांजेवार सर बाजारातले झिंगे विकत घ्यायच्या आधी त्यांचे पाय मोजायचे. चेष्टा नाही करत. साकोलीचा आठवडी बाजार, मासोळ्यावाली बाई वाटे लावून बसलेली, मागे गिऱ्हाइकांची रेटारेटी, आणि हा कॉलेजातला प्राध्यापक उकिडवा बसून, चष्मा कपाळावर चढवून, एक झिंगा चिमटीत धरून ओठ हलवतो आहे. शेवटी ती बाई करवादायची, "सर, खायचे हायेत का शाळेत घालायचे हायेत?" सर म्हणायचे, "बाई, पाय मोजल्याशिवाय ओळख होते का कोणाची?" आणि पुढचा झिंगा उचलायचे.

मी त्यांची घरमालकीण. खाली रस्त्याला लागून माझं साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान, वरच्या खोलीत सर. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरची ही वर्षं. आज वरच्या खोलीत नवे भाडेकरू येतात नि जातात, पण जिन्यावर स्पिरिटचा वास नाही म्हणून मला ती खोली अजून दुसऱ्या कोणाची वाटत नाही. वासाचीही सवय होते बघा माणसाला.

सरांचं लग्न झालं आणि वर्षभरातच त्यांच्या बायकोला, ज्योतीला, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. कुठे? तर रत्नागिरीकडे, समुद्राच्या अगदी काठावरच्या एका गावात. आपला जिल्हा अर्धा झाला, जागाही आटल्या, मग इकडच्या कितीतरी पोरीबाळी तिकडे लागल्या. धानाच्या बांधीत वाढलेली पोर खाऱ्या वाऱ्यात जाऊन पडली. आणि हे इथे, दोन ताटं, दोन वाट्या आणि एक दुर्बीण घेऊन. दुर्बीण म्हटलं की सर चिडायचे. "सूक्ष्मदर्शक म्हणा जी, वहिनी. दुर्बिणीनं दूरचं दिसते."

लोकांच्या बायका गावावरून येताना पापड-कुरड्या आणतात. ज्योती दिवाळीत आणि उन्हाळ्यात यायची ती बरणीभर समुद्राचं शेवाळ घेऊन. स्पिरिटात बुडवलेलं! ते शेवाळ सर बशीत धुवायचे, आणि त्यातून तांदळाच्या कणीएवढे, पाठीत वाकलेले, दोन्ही बाजूंनी चेपलेले पांढुरके जीव निघायचे. झिंग्यांचे दूरचे चुलतभाऊ, असं सर सांगायचे. त्या एवढ्याशा जिवाचा एकेक पाय सुईनं वेगळा करायचा, काचेवर मांडायचा, आणि कागदावर त्याचं हातभर चित्र काढायचं. केसन् केस. सुया अर्थातच माझ्या.

"वहिनी, बारीक सुई देता का जी?"

"परवाची कुठं गेली?"

"तिची धार गेली. पाय फाटून राहिले."

मी इथे नवरीच्या शालूला टाके घालते आणि हा माणूस माझ्या सुयांनी किड्यांचे पाय उसवतो! पण देत होते. नाही कसं म्हणणार? मागतानाचा चेहराच तसा असायचा, शेजारी विरजण मागायला आलेल्या पोरीसारखा.

एके दिवशी सर धडाधडा जिना उतरून दुकानात आले. गिऱ्हाईक बसलेलं. "वहिनी, नवीन आहे!" म्हणाले. मला वाटलं, साडी. ते म्हणाले, त्या किड्याच्या दुसऱ्या पायाच्या पंजावर एक दात जास्त आहे, असा दात असलेला किडा जगात आजवर कोणी लिहिलेला नाही. आता याचं सगळं वर्णन लिहायचं, चित्रं जोडायची, नाव द्यायचं आणि छापायला पाठवायचं. मी म्हटलं, "मग पाठवा की." तर म्हणाले, "तसं नसते. अजून एक नर पाहिजे."

झालं. तेव्हापासून हेच टुमणं. फोनवर बायकोला हेच. "अजून एक नर पाहिजे, ज्योती. उद्या ओहोटीले जाशील का?" महिनाभरानं मादी पाहिजे. मग अंडीवाली मादी पाहिजे. मग पुन्हा नर. कॉलेजात पोरं त्यांना मागून 'अजून-एक सर' म्हणू लागली. संस्थेच्या अध्यक्षांनी आडून आडून सुचवलं की किड्याला त्यांच्या वडिलांचं नाव शोभेल. सरांनी तोंडावर सांगितलं, "साहेब, पायांचं काम बाकी आहे."

आणि इकडे ज्योतीची बदली होत नव्हती. तिच्यासोबत लागलेल्या पोरींचे नवरे आंतरजिल्हा बदलीसाठी मुंबईच्या चकरा मारत होते, पुढाऱ्यांच्या दारात बसत होते. आमचे सर अर्ज टाकून वर पाय मोजत बसलेले. माझं डोकं फिरायचं. एकदा मी चांगलंच सुनावलं, "सर, तुमाले बायको पायजे का किडा पायजे?" ते नुसते हसले. असा राग आला मला त्या हसण्याचा!

त्यातच तो कोंबडीचा प्रसंग घडला. सर कॉलेजात गेलेले, मी वरच्या गच्चीत कपडे वाळत घालायला गेले. कठड्यावर बशीत कणी भिजत घातलेली दिसली. आता आमच्याकडे बशीत पांढरं, बारीक, पाण्यात काही दिसलं तर माणूस दुसरं काय समजणार? मला सर्दीनं वासही येत नव्हता. म्हटलं, एकट्या पुरुषाचं काम, भिजत घातली आणि विसरला, आंबून गेली असणार. पाणी ओतलं आणि कणी खाली अंगणात कोंबड्यांना टाकली. कोंबड्यांनी दोन-चार चोची मारल्या आणि डोकं झटकत पळाल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ती कणी नव्हती.

सर आले. मी रडकुंडीला आलेली. ते भिंग आणि रंगाचा कुंचला घेऊन अंगणात गुडघ्यांवर बसले, त्यांच्या शेजारी मीही बसले, आणि आम्ही दोघं मातीतून ते पांढरे जीव वेचू लागलो. वेचता वेचता सर थांबले. "नर खाल्ला वाटते तांबडीनं," म्हणाले. मी कपाळावर हात मारून घेतला. आणि वर पाहते तर काय, हा माणूस गालातल्या गालात खूश! "आता काय करता, वहिनी," म्हणाले, "ज्योतीले पुन्हा जावं लागते समुद्रावर." मी मनात म्हटलं, गेला. हा पूर्ण गेला कामातून.

अखेर एका उन्हाळ्यात ज्योतीच्या बदलीची ऑर्डर निघाली. भंडारा जिल्हा, तेही साकोली तालुका. मी पेढे घेऊन जिना चढले. सर टेबल आवरत होते. चित्रांचा गठ्ठा बांधलेला, सूक्ष्मदर्शकावर फडकं.

"हे काय?" मी विचारलं.

"किड्याचा निबंध पाठवून दिला जी, आज."

"अन् तो नर? भेटला?"

सरांनी पेढा हातातच धरून ठेवला. "नर तं केव्हाचेच पुरेसे होते, वहिनी. दोन वर्षं झाली."

मी खुर्चीवर बसलेच.

"मी धानावरच्या तुडतुड्यांवर काम केलेला माणूस," ते म्हणाले. "समुद्रातलं मले काय समजते? पण ती तिकडं गेली न् रोज संध्याकाळी फोनवर रडे. शाळा सुटली की खोलीत कडी लावून बसे. लाटांच्या आवाजाचीच भीती वाटे तिले. मले काही सुचेना. एक दिवस म्हटलं, ज्योती, माह्यासाठी मूठभर शेवाळ आणशील का? खूप अर्जंट आहे. तं तिची तिकडची घरमालकीण पार्वतीमावशी तिच्यासोबत गेली. त्या दिवशी पहिल्यांदा ती फोनवर रडली नाही. भरती कशी येते तेच सांगत होती. मंग मी पुस्तकं मागवली."

"आणि नवीन किडा?"

"तो तं निघाला बावा आपला. काम पुरं झालं, तं म्हटलं, संपलं असं सांगून टाकलं तर संध्याकाळी ती काय करन?"

"अहो पण, दुसऱ्या कोणी आधी छापला असता तर?"

"छापला असता. किडा तं तोच राहिला असता ना."

या माणसाला मी बायको पायजे का किडा पायजे, असं विचारलं होतं. डोळ्यांना पदर लावत जिना उतरले आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.

निबंध छापून आला तेव्हा ज्योती घरी रुळली होती. मी, तुम्ही, सगळं गाव, सगळ्यांना वाटलं किड्याला ज्योतीचं नाव असणार. नव्हतं. पार्वतीमावशीचं होतं, लॅटिन शेपूट लावलेलं. ज्योतीनं माझ्यासमोरच फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"माझ्या नावाचा किडा?" पलीकडून मावशी खो खो हसली. "मेला दुसरा काय मिळाला नाय काय?" मग हसू थांबलं. "म्हंजे काम झाला तुमचा," ती हळूच म्हणाली. "आता तू काय परत यायची नायस."

ज्योतीनं फोन सरांपुढे केला. सरांनी फोन हातात घेतला. माझ्यासारख्या घरमालकिणीशीही खाली मान घालून बोलणारा हा माणूस, पण त्या दिवशी आवाज अगदी स्वच्छ होता.

"मावशी, असं कसं म्हणता जी? ते माहेर हाय तिचं. उन्हाळ्यात मीच आणून सोडतो तिले, महिनाभर ठेवून घ्या."

पलीकडे मावशीनं नाक ओढलं. "बरा," ती म्हणाली, "पण सोडून लगेच पळू नका. जावयानं चार दिवस ऱ्हावा."

"हो जी," सर म्हणाले, आणि फोनमधून दिसत नसतानाही त्यांनी वाकून नमस्कार केला.