आयोवाची चतुःसीमा

अमेरिकेतली मतं मोजायला लागले की आमच्या शहापुरात एक माणूस गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, सकाळी मी दुकान उघडायच्या आत माझ्या शटरसमोर येऊन उभा राहतो. ते महादूकाका. आता अख्ख्या अमेरिकेशी त्यांना देणंघेणं आहे असं समजू नका. राष्ट्राध्यक्ष कोण झाला विचारलंत तर "कोन तरी झाला आसंल" म्हणतील. त्यांना हवं असतं एकच राज्य, आयोवा. तिथून काँग्रेसवर, म्हणजे त्यांच्या लोकसभेवर, चार जण निवडून जातात. काकांना ते चार जणही नकोत. त्यांच्या मतदारसंघांच्या हद्दी हव्यात.

तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. काका जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली किती शेतं त्यांच्या पायाखालून गेली असतील ते त्यांनाच ठाऊक. चहाचा कप ठेवतानासुद्धा टेबलाच्या कडेपासून अंतर बघून ठेवतात. माझं काउंटर रस्त्याकडे दोन बोटं तिरकं आहे हे गेली अकरा वर्षं मला ऐकवतायत. "शैले, मानूस खोटं बोलंल गो, साखळी नाय बोलनार," हे त्यांचं ब्रीद. साखळी म्हणजे मोजणीची. गळ्यातली नव्हे.

आयोवाचं खूळ माझ्यामुळेच लागलं, पाप माझंच. एकदा मी मोबाइलवर बातम्या बघत होते. अमेरिकेतल्या कुठल्याशा राज्याचा मतदारसंघ दाखवत होते. धामण भातातून जावी तसा वळवळत गेलेला. काकांनी माझ्या हातातून मोबाइलच ओढून घेतला.

"ह्यो बांध कोनी कोरला?"

बांध कोरणं आमच्याकडे लहान मूलही जाणतं. दर नांगरणीला शेजाऱ्याच्या बांधात वीतभर घुसायचं आणि वर साळसूद चेहऱ्यानं रामराम घालायचा. मी म्हटलं, "काका, हा बांध नाही. ज्यांचं सरकार असतं ते आपल्याला सोयीची हद्द आखून घेतात."

"म्हंजे ज्याचं शेत त्यानंच मोजायचं?" काका असे पेटले की समोरचा रिक्षावाला भांडण बघायला खाली उतरला. "सगळीकडं असंच? एक तरी राज्य सरळ आसंल. शोध!"

शोधलं. गिऱ्हाइकं ताटकळत होती आणि मी अमेरिकेत बांध शोधत होते. सापडलं आयोवा. तिथे हद्द पुढारी आखत नाहीत, एका सरकारी कचेरीतली माणसं आखतात. कोणता खासदार कुठे राहतो, कुठल्या गावात कुणाची मतं, हे त्यांनी बघायचंच नाही असा कायदा. पुढारी नकाशा नाकारू शकतात, पण मग दुसराही त्याच कचेरीनं काढायचा.

काकांनी चष्मा काढून पुसला. "कारकून काढतात? आपल्यासारखे? आन् बदली करत नाय त्यांची?"

त्या दिवसापासून आयोवा काकांचं झालं. रंगीत नकाशा छापून घेतला, पट्टीनं मोजला, मागच्या बाजूला खरेदीखतात लिहितात तशी चतुःसीमा लिहिली: पूर्वेस मिसिसिपी नदी, पश्चिमेस मिसुरी नदी, उत्तरेस मिनेसोटा, दक्षिणेस मिसुरी राज्य. चार मतदारसंघांना ते हिस्सा नंबर एक, दोन, तीन, चार म्हणतात. "चार भावांची वाटनी हाय ही. बघ, कोनाची तक्रार नाय!"

तक्रार होती. काही वर्षांपूर्वी तिथला एक निकाल फक्त सहा मतांनी लागला होता. सहा! आमच्याकडे एका घरात तेवढी मतं असतात. हरलेल्या बाईनं वर दाद मागितली आणि मग स्वतःहून मागे घेतली. ही गोष्ट काका मला महिन्यातून दोनदा सांगतात, आणि "मागं घेतली" म्हणताना दर वेळी थांबतात. मी त्यावर कधी विचार केला नाही. आपण म्हाताऱ्या माणसाचं अर्धं ऐकतो, अर्धं सोडतो.

गेल्या निवडणुकीत त्याच बाजूच्या हिश्श्यात पुन्हा थोड्याच मतांवर अडलं. फेरमोजणी लागली. काका रोज हजर. एके दिवशी म्हणाले, "शैले, त्या कचेरीला पत्र टाक."

"कशाबद्दल?"

खिशातून घडी केलेला कच्चा मसुदा काढला. सरकारी वळण, सुवाच्य अक्षर. वर लिहिलं होतं:

"विषय: हद्द कायम केल्यानंतर कर्मचाऱ्याचे नातेवाईक त्याच्याशी बोलतात काय, याबाबत."

मी हसले. देवाशपथ, मोठ्यानं हसले. काका हसले नाहीत. मग माझंही हसू गेलं.

खर्डीच्या बाजूला काकांचं गाव. धाकटा भाऊ दामू तिथे शेती करतो. त्याच्या शेजारच्या विधवा बाईनं बांध कोरल्याची तक्रार केली, तेव्हा गाव म्हणालं, कज्जा कशाला, आपल्या महादूलाच मोजू दे. भाऊ भावाला सांभाळून घेईल असा दामूचा हिशेब. काकांनी मोजलं. दामू बाईच्या शेतात दीड हात आत होता. ते त्यांनी चारचौघांत सांगितलं.

"'तू माझा भाऊ का तिचा?' एवढंच बोलला," काका म्हणाले. "मंग काय नाय. एकवीस वरसं झाली. त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका मला दुसऱ्याच्या घरात दिसली." नकाशाची घडी करत म्हणाले, "माप खरं होतं गो. पन त्या आयोवावाल्यांना भाऊ असतील ना? त्यांचं कसं काय चालतं?"

मी मोबाइलकडून इंग्रजी करवून ईमेल पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं. पत्र मिळाले, धन्यवाद. मशीननं धाडलेलं होतं, पण काकांचा चेहरा उजळला. "पोच आली!" छापून घेतली, फाइलला लावली. पुढे रोज येऊन विचारायचे, "काय कळवलं का?" आणि मी रोज नाही म्हणायचे. माझ्याच जिवावर यायचं.

मग भात खरेदीच्या नोंदणीचे दिवस आले. दुकानात सातबारा आणि आधारच्या झेरॉक्सना ही गर्दी. एक वाळका, उंच शेतकरी कागद पुढे करून उभा राहिला. आधारवर नाव दामू, वडिलांचं नाव आणि गाव काकांचंच. काकांचा मसुदा माझ्या ड्रॉवरमध्ये होता. तो काउंटरवर चुकून राहिला असं मी सगळ्यांना सांगते. चुकून कसला, मी ठेवलाच. दामूंच्या सातबाऱ्याशेजारी, अक्षर त्यांच्याकडे करून.

भावाचं अक्षर माणूस विसरत नाही. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मागचे लोक ओरडायला लागले, "ओ दादा, सरका की!" ते सरकले नाहीत.

"ह्ये कुटं धाडलं?"

"अमेरिकेला."

"उत्तर आलं?"

"नाही."

त्यांनी त्या विषयाच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बाय, खाली लिव. बोलतात. टाइम लागतो." झेरॉक्स उचलल्या आणि मागे न बघता गेले.

दुसऱ्या दिवशी काका आले. "काय कळवलं का?" मसुद्याखाली मी ती ओळ लिहून ठेवली होती, तो कागद पुढे केला. कुणी सांगितलं तेही सांगितलं. काकांनी वाचला, उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला. मला वाटलं, आता रडणार. मीच रडायच्या बेतात होते.

"अक्षर तुझं हाय," ते म्हणाले. "आन् खाली सही नाय. सहीबिगर कागद चालत नाय गो."

"मग काय करायचं?"

"जाऊन घ्यायला लागंल."

सदरा झटकला, पेन आहे का ते खिशात चाचपलं आणि खर्डीची रिक्षा गाठायला रस्ता ओलांडून गेले. आयोवाचा नकाशा माझ्या काउंटरवरच राहिला. पहिल्यांदाच.