मैथिलीबाईंच्या फोनाची जप्ती

श्री कुलस्वामिनी प्रसन्न असो, ऐकत्याचे चित्त ठिकाणी राहो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी चौथ्या मजल्यावरील तीन खोल्यांच्या दौलतीवर मंदारराव व शर्मिष्ठाबाई राज्य करीत होते, आणि त्यांची एकुलती कन्या मैथिलीबाई, उमर पंधरा, शाळेतून येऊन जो फोन हाती धरी तो खाली म्हणून ठेवीना. मग मसलत बैसली. मसलतीस आलेल्या आत्याबाई बोलिल्या, "मैत्रिणींची संगत, दुसरं काय!" मंदारराव बोलिले, "झोप नाही, खेळायला जाणं नाही, मार्क घसरलेत." आणि दुपारी दोनापासून रात्री आठपर्यंत पोर घरात एकटी असते, हा विषय एकानेही काढिला नाही. शहाणीसुरती माणसे, काय बोलावे! मग फर्मान सुटले, आणि शर्मिष्ठाबाईंनी फोन जप्त करून आपल्या पर्समध्ये कैदेत टाकिला आणि कचेरीस गेल्या.

मग अडीच वाजले, आणि बाईंनी रोजच्या सवयीने आपल्या फोनावरून निरोप धाडिला, "जेवलीस का गं?" तो त्यांच्याच पर्समध्ये टुण्ण जाहले. शेजारच्या टेबलावरील बाई हसो लागल्या, आणि आमच्या बाईही हसिल्या. आपल्याच फोनातले मागील निरोप वर सारून पाहतात तो, "आई, भाजी मस्त झालीये." "आई, बेल वाजतेय, उघडू का?" "आई, कंटाळा आला." "आई, कधी येतेस?" आणि आपली उत्तरे? एक अंगठा, "मीटिंग", पुन्हा एक अंगठा. साहेबांस सांगोन अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि रिक्षा करून घर गाठिले.

पाहतात तो कन्या टेबलाशी बैसली आहे आणि ताट झाकलेलेच. "अगं, जेवली नाहीस अजून?"

"तू विचारलंच नाहीस," कन्या बोलिली. "तू विचारतेस, मग मी जेवते."

मग बाईंनी तीस पोटाशी धरिले, आणि आमटी ऊन केली, आणि दोघी जेविल्या. फोन परत देऊ लागल्या तो कन्या म्हणाली, "असू दे गं पर्समध्ये. आता तू आहेस ना?"

ऐसी जप्ती एक दिवसही टिकली नाही. पुढे बाई अडीचास निरोप न लिहिता फोन करून बोलू लागल्या, आणि मंदाररावांनी कचेरीची वेळ बदलोन घेतली. कन्येचा फोन सुटला काय? छे! परंतु सहास दाराचे कुलूप वाजले की तो सोफ्यावर टाकून ती धावत येते. जाहले तैसे लिहिले.